मागचा सिंह

“तीन भाऊ, तीन वाटण्या. मिटलं!” कुंडलिकमामानं निकाल दिला. मेंढरांच्या पाठीवर लाल, हिरवा, निळा रंग लागला. आधी कुणी न्यायची, ते उडवून ठरवायला मामानं खिशातून दहाचं नाणं काढलं.

“मामा, आक्काचं काय?” धाकटा मच्छिंद्र चाचरत म्हणाला.

बाजूला उभ्या हिरानं, त्याच्या आक्कानं, मान वर केली. नवऱ्यानं टाकल्यावर ती राजुरीला माहेरी आली. बापाच्या माघारी कळप तिनंच राखला, उन्हातान्हात, गावोगाव. भाऊ कधी फिरकले नाहीत. भिमाचं चहाचं हॉटेल, सयाजीची पिकअप, मच्छिंद्राची कंपनीतली नोकरी. मेंढरं गेली तर तिला उरत होतं काय? भावजयांची धुणीभांडी!

मामानं नाणं तिच्या नाकापुढं धरलं. “सरकार तरी काय म्हणतं बघ. ह्याच्यावर शिंव्ह किती? तीन!”

“चार असत्यात, मामा. जुन्नरच्या लेण्यांत खांबावर बघितल्यात मी जनावरं, पाठीला पाठ लावून बसल्याली. एक मागं ऱ्हातंच.”

“मागचा दिसतोय का? मग मोजायचा कशाला?”

भिमा खो खो हसला. ह्यांच्यापुढं कशाला रडा? हिरानं घोंगडं खांद्यावर टाकलं अन् माळाची वाट धरली.

मागं एकच गोंधळ उडाला. सयाजी पिकअपचं फाळकं पाडून शीळ घालत होता. भिमा काठी आपटत ओरडत होता, “अय, चढ की वर!” मच्छिंद्र तेवढा पुढं सरला नाही. पण मेंढरांनी उभ्या जन्मात हे आवाज ऐकलेत कधी? त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक मेंढी हिराच्या मागं निघाली. झालं, तिच्यामागं सगळा कळप.

हिरा माळावर थांबली, तेव्हा लाल, हिरवी, निळी सगळी तिच्या पायाशी घोटाळत होती. आता मात्र तिला रडू आवरेना.

धापा टाकत मामा आला. धोतराचा सोगा काट्यात फाटला होता. “पोरी, एवढी गाडीत घाल की! तुझं लई ऐकत्यात.”

डोळे पुसत हिरानं विचारलं, “कुनाच्या वाटणीची घालू?”

मामानं नाणं परत खिशात टाकलं. मग हळूच म्हणाला, “तूच कर वाटण्या, हिरे. पोरांना काय देतीस, ते तू बघ.”