तळ्याला चक्कर

सिर्काने विकायला काढलेली गाडी बघायला लाहतीहून आलेल्या यार्मोने किल्ली मागितली, तेवढ्यात सिर्काचे वडील काठी टेकत आले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. काही केल्या उतरेनात.

"असू द्या ताई, तळ्याला एक चक्कर मारून लगेच आणतो," यार्मो म्हणाला.

गाडी वळणाआड गेली आणि सिर्काचा जीव खालीवर व्हायला लागला. रस्त्यावर बर्फ, माणूस अनोळखी. त्याचं आडनावसुद्धा आपण विचारलं नाही! कॉफी निवून गेली. यार्मो फोन उचलेना. ती कोट न घालताच फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

शेवटी गाडी आली. यार्मो घामाघूम होऊन उतरला.

"माफ करा ताई, मला नको ही गाडी. तुमचे वडील वाटभर ओरडत होते, 'क्लच असा दाबतात का गाढवा, गिअर बदल!' वर पुन्हा एक चक्कर मारायला लावली."

सिर्का गाडीचं दार धरून उभी राहिली. आईला दफनभूमीत पोचवून आल्या दिवसापासून वडिलांनी तोंड उघडलं नव्हतं.

"नका घेऊ गाडी," ती म्हणाली, "पण उद्या पुन्हा चालवायला याल का?"