हरकत क्रमांक सात

चिकलठाणा शहराच्या हद्दीत घ्यायचं की नाही, यावर सभागृहात दीड तास भांडण चाललं होतं, आणि मनकर्णाबाई प्रेक्षकांच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. त्यांचा विषय अजून यायचा होता.

"औरंगपुऱ्यातल्या नळाला पानी नाय, अन् तुमी नवी गावं कशाला गोळा करता?" एक सदस्य ओरडत होते.

मग टांगे आणि रिक्षांचा विषय निघाला. चौकातून टांगेवाल्यांना हलवावं की रिक्षावाल्यांना, हे काही केल्या ठरेना. शेवटी दोघांनाही तिथंच ठेवून एक समिती नेमली गेली. समिती नेमणं सगळ्यांनाच छान जमतं.

मनकर्णाबाईंचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. त्या फक्त आपल्या वॉर्डाच्या बद्रीनाथकडे बघत होत्या. तो कधी उभा राहतो, एवढंच त्यांना बघायचं होतं.

बद्रीनाथ नगरसेवक असूनही मनाचा चांगला. मनकर्णाबाईंचा एकुलता एक मुलगा बन्सी त्याच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. बन्सी गवंडीकाम करायचा. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली, तशी त्यानं घराला लागून, दाराच्या अलीकडं, गल्लीच्या वळणावर, एक खोली काढली. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करायच्या आणि संध्याकाळी स्वतःची. खोली झाली, गिलावा झाला, आणि आषाढात बन्सी तापानं फणफणला. दवाखान्यात पोचायच्या आतच गेला. सून यायची त्या खोलीत आई एकटी बसू लागली. असलं दुःख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता ती गल्ली रुंद व्हायची होती. नकाशावरची लाल रेघ नेमकी बन्सीच्या खोलीतून गेली होती. पालिकेनं महिन्याची मुदत देऊन हरकती मागवल्या. सात आल्या. सातवी मनकर्णाबाईंची, खाली अंगठा.

बद्रीनाथ कालच त्यांच्या घरी जाऊन आला होता.

"मावशी, यादीत तुमची हरकत बघितली. सात नंबरला हाय."

"कागद वाचला का, भाऊ?"

"त्यात वाचायचं काय? मला का ठाऊक नाय?"

मनकर्णाबाई भिंतीवरून हात फिरवत होत्या. "त्याच्या हातची हाय. लई राबला पोरगा."

"व्हय ना. म्हणूनच उद्या मी बोलनार."

"बोला. या खोलीपायी मला झोप नाय लागत. एवढं एक काम झालं की मी सुटले."

"झालं समजा," बद्रीनाथ म्हणाला. घरी जाताना तो उद्याचं भाषण मनात जुळवत होता.

दुपारी चार वाजता विषय पुकारला गेला. इंजिनिअरनं नकाशा फळ्यावर टांगला आणि पहिल्या सहा हरकती पाच मिनिटांत निकालात निघाल्या. कुणाचा ओटा, कुणाची पायरी, कुणाची पानाची टपरी. सगळ्या फेटाळल्या. मग बद्रीनाथ उठला.

"अध्यक्षमहाराज, सातवी हरकत एका आईची आहे," तो म्हणाला. "नकाशावर ही नुसती रेघ दिसते. पण त्या भिंतीची एकेक वीट तिच्या मुलानं लावली आहे. तो मुलगा आज नाही. त्याच्या हातचं एवढंच तिच्याजवळ उरलंय. तेही आपण पाडायचं का? मी सांगतो, हे पाप आपल्याला पचणार नाही."

दीड तास एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं खाली बघू लागली. नगराध्यक्ष मल्हाररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांचाही एक मुलगा गेला होता; ते कधी त्याविषयी बोलत नसत.

इंजिनिअर दबकत म्हणाला, "साहेब, ती खोली ठेवली तर वळणापासून आतली गल्ली आहे तेवढीच राहील. आणि एकदा आराखडा मंजूर झाला की दहा-पंधरा वर्षं त्याला हात लावता येत नाही."

"राहू द्या," मल्हारराव म्हणाले. "इतकी वर्षं चाललं, आणखी चालेल."

निजामाच्या काळात उर्दूतून वकिली शिकलेल्या एका म्हाताऱ्या सदस्यानं सवयीनं पुकारलं, "तरमीम मंजूर!" म्हणजे दुरुस्ती मंजूर. सगळे हात वर गेले. हद्दवाढवालेही आणि त्यांचे विरोधकही. दोन वर्षांत पहिल्यांदाच सभागृहाचं एकमत झालं होतं, आणि कुणाकुणाचे डोळे खरंच ओले झाले होते.

बद्रीनाथ जवळजवळ पळतच प्रेक्षकांच्या बाकाकडे आला. तिथवर आवाज नीट पोचत नव्हता, आणि सभेतली छापील मराठी मनकर्णाबाईंना फारशी कळलीही नव्हती.

"काय झालं, भाऊ?"

"वाचली, मावशी! खोली वाचली. आता पंधरा वर्षं तिची वीटसुद्धा कुनी हलवत नाय."

मनकर्णाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आनंदानं त्यांची वाचा गेली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"म्या पाडा म्हनून लिवून दिलतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खिडकीवरचा बाबू म्हनला, काय बी सांगायचं आसंल तर ह्याच हरकतीच्या कागदावर लिवा, दुसरा कागद नसतो. म्या त्याच्यावरच लिवून घेतलं. आमची खोली समद्यात आधी पाडा, म्हनलं." त्यांनी पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "बन्सीला न्यायाला दवाखान्याची गाडी आलती, भाऊ. ती ह्याच खोलीला अडली, आत वळलीच नाय."