पुतळ्यांची घडणावळ

१९७४ सालच्या माघात बनूचा साखरपुडा झाला आणि त्याच दिवशी तिच्या आईच्या, मनुबाईच्या पोटात भीतीनं घर केलं.

नवरा मुलगा हंबीरराव लष्करात होता. त्याचे वडील आप्पासाहेब तासगावाकडचे बागाईतदार. त्यांनी बनूच्या गळ्यात पुतळ्यांची माळ घातली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की सांगलीच्या हरिबा सोनाराकडून खास सुनेसाठी नवी घडवून घेतली. पान जुळवता जुळवता पुढं म्हणाले, "पण सोन्याच्या भावाच्या वर एक छदाम दिला न्हाई. वजनाचं दाम, बास."

माणसं हसली. मनुबाईच्या हातातलं तबक मात्र तिथंच थांबलं.

पंधरवड्यापूर्वीच ती कोरेगावच्या सोनाराकडं बनूसाठी एकच पुतळी करायला गेली होती. किंमत ऐकून तिनं हात आखडला, तेव्हा सोनारानं समजावलं होतं. तोळ्याचं एक नाणं करा, नाहीतर गुंजभराची पुतळी. पत्रा ठोकायचा, ठसा मारायचा, कड घासायची, कडी जोडायची, काम तेवढंच. मोठ्या नाण्यात ती मजुरी मुरून जाते, बारक्यात अंगावर येते. आणि माळ म्हणजे तर एवढ्याएवढ्याशा पुतळ्यांची रांग. तसली नवी माळ नुसत्या सोन्याच्या भावात देणारा सोनार अजून जन्माला यायचा होता.

तशी मिळते ती फक्त जुनी. कुणाच्या तरी गळ्यातून उतरलेली.

आणि असली माळ कुठली बाई सुखासुखी उतरवते? हंबीरराव तिशीला टेकला होता. इतकी वर्षं बिनलग्नाचा कसा राहिला? नणंद बायडाबाईनं तर आगीत तेलच ओतलं. "वैनी, पयली मेली का हाकलली, एवढं तरी इचारा. आमच्यात एकानं पयलीचं डागिनं दुसरीला घातलं, अन् वरसाच्या आत दुसरीबी हिरीत गावली."

मनुबाईनं नवऱ्याच्या कानावर घातलं. लालासाहेब तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. व्याह्यांनी बढाई मारली असेल, म्हणाले. जुनी घेतली म्हणून काय बिघडलं? औंदा उसाचं बिल लवकर निघालं म्हणून हुंडा वेळेवर पोचता झाला. आता मोडलं तर पोरीला नाव ठेवतील.

"ठिवू द्या नाव," मनुबाई म्हणाली. "हिरीत गावण्यापरीस बरं. मी सांगलीला जाऊन सोनारालाच इचारणार. तुमी न्हाई आला तर एकटी जाईन."

ते आले. दोघं एस.टी.नं निघाले. कराड मागं पडल्यावर मनुबाई म्हणाली, "लगीन मोडलं तर माझी माळ घालून पोरीला दुसरीकडं उजवू. भूकंपात भिंती फाटल्या तवा तुमी साताऱ्याच्या बँकेत ठिवली, ती हायच की."

लालासाहेबांनी तंबाखूची डबी उघडली.

पेठेत दुकानाची पाटी दिसली तसे ते हॉटेलापाशी थांबले. "तू हो पुढं. मी च्या घेतो."

हरिबा सोनारानं माळ हातात घेताच ओळखली. नवी नव्हे, मोडीत आलेली, हेही त्यानं लपवलं नाही. अशी सुबक माळ आटवायला हात धजला नाही. पुतळ्या उजळल्या, तांबडं रेशीम नवं ओवलं आणि तशीच आप्पासाहेबांना दिली, म्हणाला.

मनुबाई गादीपाशी सरकली. "कुनाच्या गळ्यातली? ती बाई जित्ती हाय का?"

गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं, म्हणून हरिबा घुटमळला. तिनं पदर पसरला. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणाली. तेव्हा पुढं वाकून त्यानं हळूच विकणाऱ्याचं नाव सांगितलं.

मनुबाईनं माळ कपाळाला लावली, कनवटीला खोचली आणि बाहेर आली.

लालासाहेबांच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. "काय म्हनला?"

"बाई जित्ती हाय," मनुबाई म्हणाली. "तिची काय हरकत न्हाई. लगीन ठरल्यापरमानं हुईल."

लग्न झालं. हंबीररावाला पहिली बायको कधीच नव्हती. धाकट्या बहिणींना उजवता उजवता त्याचंच राहून गेलं होतं. तो सुभेदार होऊन परत आला आणि त्यानं बनूला शेवटपर्यंत फुलासारखं जपलं. आप्पासाहेब स्वस्तातल्या माळेची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगत राहिले, आणि बायडाबाई त्यांच्या भावकीत पहिलीचा तपास करत राहिली. हरिबाचं दुकान बंद पडून तिथं पुढं कापडाचे गठ्ठे लागले.

लालासाहेब ऐंशी साली गेले. दिवस झाल्यावर थोरला लेक जोतीराम आईची माळ बँकेतून आणायला साताऱ्याला निघाला. मनुबाईनं त्याला उंबऱ्यातच थांबवलं.

"नगं जाऊस बाबा," ती म्हणाली. "ती मी बनूला लग्नातच दिली."