डबीवरचा ग

शाल्मलीनं बिनखुणेच्या डबीचं झाकण काढलं आणि आत ब्लीच ओतलं. गुलाबी द्रव बघता बघता फिका पडला. आतल्या पेशी मेल्या. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"दिसायला तर ठणठणीत होत्या," मागे उभे असलेले डॉक्टर कृष्णकांत म्हणाले. "दोन्ही डब्या अगदी सारख्या. तू उगाच हट्टाला पेटलीस."

"मोडलेली गुणसूत्रं या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून दिसत नाहीत, सर."

"बरं. आता एकच डबी उरली. पुन्हा पेशी काढायच्या म्हणजे तानबाच्या धड डोळ्यालाही धोका. लवकर घेऊन ये." ते शस्त्रक्रियागृहाकडे निघून गेले.

रोहणा गावचा तानबा खाली वाट पाहत होता. घर रंगवताना कळीचा चुना त्याच्या उजव्या डोळ्यात उडाला होता. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेवरून तांदळाएवढा तुकडा घेतला आणि शाल्मलीनं त्यातल्या मूळ पेशी दोन डब्यांत वाढवल्या. एकीला काही झालं तर दुसरी असावी, म्हणून त्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या होत्या.

झालंही तसंच. काल दुपारी बाहेर सेहेचाळीस अंश होतं. पश्चिमेच्या खोलीतला एसी बंद पडला आणि तिथलं सदतीसवरचं इन्क्युबेटर बेचाळीसवर चढलं. चार तास तिथंच राहिलं. मदतनीस शोभाबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी ती डबी दुसऱ्या खोलीत हलवली आणि वहीत लिहिलं, 'खूण केली आहे.' सकाळी एका डबीवर निळ्या पेनानं 'ग' लिहिलेला होता. शोभाबाईंनी फ्रीजच्या कप्प्यावर 'गार' अशी चिठ्ठी लावलेली शाल्मली रोज पाहत होती. 'ग' म्हणजे गार, असं धरून तिनं दुसरी डबी फेकायला उचलली.

उष्णतेनं मूळ पेशींचं काय होतं, हेच ती तीन वर्षं तपासत होती. काही मरतात. बऱ्याचशा सावरतात. एखादीची गुणसूत्रं मात्र तुटतात, भलतीकडेच जुळतात, आणि ती तशीच वाढत राहते. डोळ्यात लावली तर वर्षानुवर्षं वाढेल. तपासणीला दोन आठवडे लागतात आणि पेशींचा तयार झालेला हा पापुद्रा दोन दिवसही थांबत नाही. म्हणून शंका आली की फेकायचं, एवढाच नियम.

'ग'ची डबी तिनं पेटीत ठेवली. तेवढ्यात शोभाबाई कामावर आल्या.

"वाचली ना मॅडम तानबाभाऊची एक डबी? दुसरीचं तं पिठलंच झालं असन."

"वाचली. तुम्ही खूण केलीत म्हणून." शाल्मलीनं हसून पेटी दाखवली. "ही बघा, तुमची गार."

शोभाबाईंनी वाकून पाहिलं.

"गार कायची? थे तं गरम झालेली हाय. आमच्या सेलूच्या बाजारात काढून टाकाच्या मालालेच खूण करतेत. चांगल्याले कायले लागते खूण?" मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "दुसरी कुठं हाय?"

ब्लीचचा वास खोलीभर होता.

तिनं पेटीतली डबी काढून पुन्हा भिंगाखाली धरली. पेशी एकीला एक लागून, फरशी बसवावी तशा नीट बसलेल्या. कदाचित त्यांना काहीच झालं नसेल. बहुतेक नसेलच. नेली तर कुणाला कळणार नव्हतं. आपण काय बोलून गेलो, हे शोभाबाईंनाही पुरतं उमगलं नव्हतं. आणि तानबाचा डोळा आज उघडला असता.

फोन वाजला.

"निघालीस का?" डॉक्टर विचारत होते. "तानबाला टेबलावर घेतलंय."

"सर, ही डबी लावता येणार नाही."

"आता काय झालं? उष्णता लागलेली तर तू माझ्यादेखत फेकलीस."

शाल्मलीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"चांगली होती ती मी फेकली, सर."