पिवळं कार्ड

कुकरची शिट्टी झाली तेव्हा रेशनकार्ड परत करायचा अर्ज माझ्यासमोर होता.

"सरपंचाच्या घरीपण पिवळं कार्ड आहे," सासूबाई म्हणाल्या. "तूच कशाला हरिश्चंद्र व्हायला निघालीस?"

"आत्याबाई, मला सरकारी दवाखान्यात नोकरी लागून दोन वर्षं झाली. हे रेशन गरिबांसाठी असतं. गावाचा कोटा भरलाय म्हणून शेजारच्या शेवंतामावशींचा अर्ज दोनदा परत आला. आपलं नाव निघालं तर त्यांचं लागेल."

"गावाचा मक्ता तू घेतलायस का?"

"नाही. पण दुकानात दर महिन्याला अंगठा मीच लावते ना?"

त्या कुकर उतरवायला उठल्या. अर्जावर मी सही केली. एवढंच वाटलं, ही सही दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

सहा वर्षांची ओवी मांडीवर चढली. "आई, काय लिहिलंस?"

तिच्या कपाळावरच्या बटा मी मागे सारल्या. "आपल्याला मिळायचे ना, ते तांदूळ-गहू आता शेवंताआजीला मिळावेत, म्हणून लिहिलंय."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"मग इतके दिवस शेवंताआजी काय जेवत होती?"