अंतऱ्यातली काळी पट्टी

माझे वडील, अण्णा, तीस वर्षं पेटीवर एकच भजन वाजवायचे, आणि अंतऱ्यात दर वेळी काळी पट्टी सोडून शेजारच्या पांढरीवर बोट टाकायचे. ते गेल्यावर मी तुळजापुरात आईजवळ राहायला आले, त्यांचीच पेटी काढली आणि एका क्लासला जाऊ लागले. लहानपणी अण्णांचं ऐकूनच शिकल्यानं तीच चूक माझ्याही बोटांत होती.

"रोज सकाळी अर्धा तास बसा," सर म्हणाले, "आणि त्यातली पंधरा मिनिटं फक्त ही ओळ."

दीड महिन्यानं एका सकाळी ती ओळ स्वच्छ आली. स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत दारात आली.

"जमलं की गं."

"आता चुकत नाही ना?"

"न्हाय. त्यांना जन्मभर सांगितलं, तिथं कानाला खटकतंय म्हणून. माझं कधी ऐकलं म्हणतेस?" ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "ते न्हाईत, हे कळतं गं मला. पण रोज चहा ठेवला की मी गॅस बारीक करून त्या चुकीची वाट बघायचे. ती आली की तेवढ्यापुरतं वाटायचं, आत तेच बसलेत."



दुसऱ्या दिवसापासून मी ती चूक पुन्हा बोटांत बसवायला घेतली. आधी अगदी हळू, मग लयीत.