तबिताची बकुळ

झारी घेऊन मी बकुळीपाशी पोचले, तर चर्चच्या फाटकात तबिता उभी. तीन वर्षांनी, न कळवता.

आमच्या कॉलेजच्या प्रार्थना गटाची एक रीत आहे. शिक्षण संपवून जाणाऱ्याने चर्चच्या आवारात झाड लावायचं. मागे राहिलेल्यांनी दर बुधवारी त्याला पाणी घालायचं आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. हल्ली बुधवारी मी एकटीच असते. माझ्या नावाचं झाड नाही. वीस वर्षं इथेच शिकवतेय, मी कुठे गेलेच नाही. तबिताच्या बकुळीपाशी मात्र पाय रेंगाळतात. तिच्यासारखं गाणारं गटात पुन्हा कुणी आलं नाही.

फोनवर ती विचारायची, "मॅडम, माझी बकुळ?"

"छान वाढतेय. तुझी प्रार्थना चालू आहे ना?"

"रोज, मॅडम."

आज ती झाडाशेजारी उभी राहिली. बकुळ जेमतेम तिच्या गुडघ्याला लागत होती.

"तीन वर्षांत एवढीच?"

फोनवर जमलेलं खोटं तिच्यासमोर जमेना. "तुझी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली गं. ही चौथी. वाळली की नवं रोप आणते. तुझी जागा रिकामी बघवत नाही."

ती खाली बसली. "मॅडम, मीही पहिल्याच वर्षी प्रार्थना सोडली. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

मी झारी तिच्या हातात दिली. पाणी घालता घालता ती अडखळत म्हणाली, "प्रभू, आमच्या ओहोळ मॅडमना सांभाळ."

वीस वर्षांत माझ्या नावाने कुणी पाणी घातलं नव्हतं.